विनंतीचें क्रियापद

वार्षिकांकाच्या मराठी विभागासाठीं दरवर्षीं मजकडून एक लेख मागितला जातो, आणि मी व्याकरण शिकवितों म्हणून तो भाषेवर असावा अशी संपादकांची अपेक्षा असते. यंदाचा लेखही एका अर्थीं व्याकरणावरच आहे. फरक इतकाच कीं, ज्या क्रियापदांविषयीं मी लिहिणार आहें तीं माणसांच्या भाषेंतील नसून यंत्रांच्या भाषेंतील आहेत. ही भाषा मी चाळिशी गांठल्यावर शिकलों. तिचा बराचसा भाग पुस्तकांवरून समजला. पण तिचें मर्म मला आपल्याच वसतिगृहांतील एका मुलीच्या मौनानें शिकविलें. तो धडा माझ्या लौकिकास फारसा भूषणावह नाहीं. तथापि जो शिक्षक विद्यार्थ्यांच्या चुका लाल शाईनें दाखवितो, त्यानें स्वतःची एखादी चूक छापावयास द्यावी हें न्याय्यच होय.

प्रथम थोडी पार्श्वभूमि सांगतों. आपली शाळा डहाणूस, समुद्राच्या वाऱ्यावर आहे. तिच्या वसतिगृहाची एक शाखा तलासरीच्या बाजूस, पाड्यांच्या जवळ आहे. डहाणूस आगगाडी आहे, बाजारपेठ आहे, चिकूच्या वाड्या आहेत, आणि इंटरनेटची तारही बहुधा शाबूत असते. तलासरीवरून मुंबई–अहमदाबादचा हमरस्ता जातो खरा. परंतु तो सोडून आंत पाड्यांकडे वळलें कीं मोबाईलची लहर वाऱ्याच्या झुळकेसारखी येते आणि जाते. आषाढ-श्रावणांत तर ती सबंध दिवसांत दोन घटका टिकली तरी पुष्कळ. हा भूगोल वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण पुढें घडलेला सारा प्रकार या अंतरामुळेंच उद्भवला.

तीन वर्षांपूर्वीं नववीच्या कांहीं हुशार मुलामुलींनीं आणि मीं मिळून ग्रंथालयाच्या देवघेवीसाठीं एक प्रोग्राम लिहिला. देवघेवीची वही डहाणूच्या शाळेंतील संगणकावर, आणि वसतिगृहाच्या रेक्टरबाईंच्या हातांत एक मोबाईल. एखाद्या मुलीनें पुस्तक नेलें कीं बाईंनीं मोबाईलवर नोंद करावी, आणि ती क्षणार्धांत डहाणूच्या वहींत उमटावी, अशी योजना होती. एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडे ज्या द्वारें काम सांगतो, त्या व्यवस्थेस ए.पी.आय. म्हणतात. ती आपल्या कचेरीच्या खिडकीसारखी समजावी. आंत कोणतें कपाट कोठें आहे हें बाहेरच्या माणसास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. कोणती मागणी कशा शब्दांत करावी एवढें ठाऊक असलें म्हणजे पुरे. ही मागणी ज्या शिष्टाचारानें करावयाची, त्याचें नांव एच.टी.टी.पी.

या शिष्टाचारांत प्रत्येक विनंतीच्या आरंभीं एक क्रियापद लिहावें लागतें. त्यामागून पत्ता येतो, आणि जरूर असल्यास सोबत मजकूर जोडतां येतो. पत्ता म्हणजे वाक्यांतील कर्म: अमुक विद्यार्थ्याची नोंद, अमुक पुस्तकांची यादी. त्या कर्माचें काय करावयाचें तें क्रियापद सांगतें. ‘पत्र वाच’ आणि ‘पत्र फाड’ या दोन आज्ञांत कर्म एकच आहे. पण त्यांत जो भेद आहे तो पत्राच्या मालकास विचारावा.

गंमत अशी कीं, ही भाषा जन्मली तेव्हां तिच्यांत एकच क्रियापद होतें. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ सालीं तिचें जें रूप लिहून काढलें, त्यांत ‘गेट’, म्हणजे ‘आणून दे’, याखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. जगाच्या पाठीवरील कागद एकमेकांस वाचावयास मिळावे, एवढाच त्या वेळीं हेतु होता, आणि वाचणाऱ्यास एक क्रियापद पुरतें. पुढें लोकांस लिहावयाचेंही होतें, दुरुस्त करावयाचेंही होतें, पुसावयाचेंही होतें. १९९६ सालच्या नियमपत्रांत ‘गेट’, ‘हेड’ व ‘पोस्ट’ हीं तीन मुख्य म्हणून सांगितलीं गेलीं. १९९७ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत ‘पुट’ व ‘डिलीट’ हीं त्यांच्या पंक्तीस बसलीं. ‘पॅच’ २०१० सालीं स्वतंत्र नियमपत्रानें दाखल झालें. २०२२ सालच्या जून महिन्यांत या मूळ क्रियापदांचे अर्थ नव्यानें एकत्र करून मांडण्यांत आले.

या क्रियापदांचे अर्थ मुलांस समजावून सांगतांना मी नेहमीं शाळेच्या कचेरीचाच आधार घेतों. खिडकीशीं जाऊन आपण म्हणालों, ‘जनरल रजिस्टरांतील ३१२ क्रमांकाची नोंद दाखवा,’ तर तें झालें ‘गेट’. कारकून रजिस्टर उघडतो, वाचून दाखवितो, मिटून ठेवतो. रजिस्टरांत कानामात्रेचाही फरक पडत नाहीं. ‘हेड’ हें त्याचें धाकटें भावंड. तें मजकूर आणीत नाहीं, मजकुराच्या वरचा तपशील तेवढा आणतें. आपण एखादा अर्ज खिडकींतून आंत सरकविला, तर ती झाली ‘पोस्ट’. कारकून आवक-रजिस्टरांत त्याला नवा क्रमांक देतो. तो क्रमांक अर्जदार ठरवीत नाहीं, कचेरी ठरविते. आणि तोच अर्ज पुन्हां दिला तर पुन्हां नवा क्रमांक पडतो. ‘३१२ क्रमांकाचें पान काढून त्या जागीं हें पान लावा,’ असें सांगणें म्हणजे ‘पुट’. जुन्या पानावर काय होतें याची चौकशी नाहीं. आणि त्या क्रमांकाचें पान मुळींच नसलें तर हेंच पहिलें पान होतें. ‘त्या पानावरची अमुक ओळ तेवढी दुरुस्त करा, बाकीचें जसेंच्या तसें राहूं द्या,’ हें ‘पॅच’. आणि ‘ती नोंद खारीज करा,’ हें ‘डिलीट’.

इतकें पाठ झालें म्हणजे क्रियापदें आलीं असें आम्हांस वाटलें होतें. पण शब्दांचे अर्थ पाठ होणें आणि ते योग्य प्रसंगीं वापरतां येणें यांत अंतर आहे. नियमपत्रें प्रत्येक क्रियापदाविषयीं दोन प्रश्न विचारावयास सांगतात. पहिला प्रश्न: या विनंतीनें पलीकडे कांहीं बदलावें असा विनंती करणाऱ्याचा हेतु आहे काय? नसेल तर ती ‘सुरक्षित’ होय. ‘गेट’ आणि ‘हेड’ हीं या वर्गांत येतात. दुसरा प्रश्न: तीच विनंती एकाऐवजीं दहा वेळां पोंचली, तर परिणाम एकदां पोंचल्याहून निराळा होईल काय? होणार नसेल तर तिला इंग्रजींत ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. मी मराठींत तिला ‘पुनरुक्ति सोसणारी’ म्हणतों. वरील सुरक्षित क्रियापदें तर पुनरुक्ति सोसतातच, पण ‘पुट’ आणि ‘डिलीट’ हींही सोसतात. तेंच पान त्याच जागीं दहा वेळां लावलें तरी शेवटीं पान एकच राहतें. खारीज झालेली नोंद पुन्हां खारीज करावयास सांगितलें तर कारकून कदाचित् ‘अशी नोंदच नाहीं’ असें म्हणेल. पण रजिस्टराची स्थिति पहिल्या वेळीं झाली तीच राहील. ‘पोस्ट’ मात्र पुनरुक्ति सोसत नाहीं. ‘पॅच’चीही हमी नाहीं: ‘प्रतींची संख्या तीस करा’ ही दुरुस्ती दहादां केली तरी तीसच, पण ‘संख्येंत तीन मिळवा’ ही दुरुस्ती दोनदां पोंचली कीं हिशेब बिघडला.

आम्हीं हे दोन्ही प्रश्न स्वतःस विचारलेच नाहींत. संकेतस्थळावरील साध्या अर्जपत्रिकेस ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ एवढींच दोन क्रियापदें येतात. आमचे सर्व प्राथमिक धडे त्यांवरच झाले होते. तेव्हां वाचावयाचें असेल तर ‘गेट’, आणि बाकी सर्व कांहीं ‘पोस्ट’, असा आम्हीं सरसकट नियम केला. शाळेच्या प्रयोगशाळेंत, एकाच टेबलावर दोन यंत्रें ठेवून, आम्हीं परीक्षा घेतली. नोंद गेली, उत्तर आलें, मुलांनीं टाळ्या वाजविल्या. स्नेहसंमेलनांत पाहुण्यांस तो प्रोग्राम दाखविण्यांत आला, आणि मला अभिनंदनाचें भाषणही ऐकावें लागलें.

पुढच्या वर्षाच्या एप्रिलमध्यें, वार्षिक परीक्षेच्या सुमारास, आम्हीं पुस्तकांच्या थकबाकीची यादी छापून फलकावर लावली. तींत आठवीच्या एका मुलीच्या नांवापुढें मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या दोन प्रती येणें दाखविल्या होत्या. तिनें तीन प्रती नेल्या आणि एक परत केली, असा त्या नोंदींचा अर्थ होता. कोशाच्या पुष्कळ प्रती असल्यामुळें आम्ही प्रतीचा क्रमांक न नोंदतां केवळ पुस्तकाचें नांव नोंदत असूं. त्यामुळें एकीकडे तीन प्रती कशा, हें यंत्रास खटकलें नाहीं. मुलगी वारली समाजांतील, घरची पहिलीच शिकणारी, आणि स्वभावानें अबोल. रेक्टरबाईंनीं विचारलें तेव्हां ती खालीं मान घालून उभी राहिली. बाईंनीं मला तसें कळविलें. आणि हें लिहितांना लेखणी अडखळते, पण मी त्या मौनास कबुली समजलों. प्रघाताप्रमाणें घरीं चिठ्ठी गेली.

आठ दिवसांनीं तिचे वडील डहाणूस आले. चिकूच्या वाडींत तोडणीची मजुरी करून सांठविलेले चारशें रुपये रुमालाच्या गांठींतून सोडून त्यांनीं माझ्या टेबलावर ठेवले. मीं म्हटलें, “दादा, आधीं बसा. मुलगी काय म्हणते?”

ते उभ्याउभ्याच म्हणाले, “ती म्हणते एकच पुस्तक नेलं, गुरुजी. पण कागदावर तीन लिहिलेत, तर कागद खोटा कसा असेल? पैसे घ्या, पोरीचं नाव तेवढं शाळेतून काढू नका.”

त्या शब्दांनीं मी जागच्या जागीं थिजलों. ज्या बापानें आपल्या लेकीच्या शब्दाहून माझ्या यंत्राचा शब्द खरा मानला, त्याच्या विश्वासाचा भार मला सोसवेना. त्यांस बसवून, चहा सांगून, मी संगणकाकडे गेलों आणि मूळ नोंदी काढून पाहिल्या. तिन्ही नोंदी जुलै महिन्यांतील एकाच संध्याकाळच्या होत्या: पहिली ७ वाजून १२ मिनिटांची, दुसरी ७ वाजून १३ मिनिटांची, तिसरी ७ वाजून १४ मिनिटांची. दोन मिनिटांच्या अवधींत कोणती मुलगी एकच शब्दकोश तीन वेळां नेईल?

झालें होतें तें असें. मोबाईलनें ‘पोस्ट’ पाठविली. ती डहाणूस पोंचली आणि वहींत नोंद झाली. ‘मिळाली’ असें उत्तर परत निघालें. परंतु तें तलासरीस पोंचण्यापूर्वींच लहर तुटली. एक मिनिट वाट पाहूनही उत्तर न आल्यास विनंती पुन्हां पाठवावी, असें आम्हींच त्या मोबाईलला शिकविलें होतें, आणि यांत आपण मोठी सावधगिरी दाखविली असेंही आम्हांस वाटलें होतें. मोबाईलनें आज्ञेप्रमाणें पुन्हां पाठविली. पुन्हां उत्तर हरवलें. तिसऱ्या खेपेस तें पोंचलें. मोबाईलच्या दृष्टीनें एक काम तीन प्रयत्नांनीं तडीस गेलें. डहाणूच्या वहीच्या दृष्टीनें तीन अर्ज आले आणि तिन्हींस नवे क्रमांक पडले. दोघांनींही आपापलें काम चोख केलें होतें. चूक क्रियापद निवडणाऱ्याची, म्हणजे माझी, होती.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उत्तर आलें नाहीं, याचा अर्थ काम झालें नाहीं असा होत नाहीं. विनंती जातांना हरवली असेल, किंवा काम पुरें होऊन निरोप येतांना हरवला असेल. पाठविणाऱ्यास या दोहोंतील भेद कळण्यास मार्ग नाहीं. अशा वेळीं पुन्हां विचारण्यावांचून गत्यंतर नसतें. म्हणून जें क्रियापद पुनरुक्ति सोसतें तेंच अशा वाटेवर पाठवावें. आणि ‘पोस्ट’च पाठविणें भाग असेल, तर प्रत्येक अर्जावर पाठविणाऱ्यानें आपली एक खूण घालावी, व त्याच खुणेचा अर्ज पुन्हां आल्यास नवी नोंद न करतां पहिलेंच उत्तर परत द्यावें, अशी व्यवस्था दोन्ही टोकांनीं करून ठेवावी. पैशाच्या देवघेवींत हल्लीं हीच युक्ति वापरतात, आणि ती नसेल तर काय होईल हें निराळें सांगावयास नको.

आम्हीं पहिला मार्ग पत्करला. आतां मोबाईल विनंती पाठविण्यापूर्वींच त्या देवघेवीस एक स्वतंत्र चिठ्ठीक्रमांक देतो, आणि ‘या क्रमांकाच्या जागीं ही चिठ्ठी ठेवा’ असें ‘पुट’नें सांगतो. लहर दहादां तुटो. चिठ्ठी एकच राहते. पहिल्यांदा ठेवली तर सर्व्हर २०१ या अंकानें ‘नवी झाली’ असें कळवितो. पुन्हां आली तर २०० किंवा २०४ या अंकानें ‘ठीक आहे’ एवढेंच म्हणतो. दुरुस्तीस एक दुपार पुरली.

मुलीची क्षमा मागावयास मात्र मला तलासरीस जावें लागलें, आणि तें योग्यच झालें. वडिलांस पैसे त्याच दिवशीं परत दिले होते. वसतिगृहाच्या ओटीवर, इतर मुलींसमक्ष, मीं तिला सांगितलें कीं, चूक माझी होती आणि तूं खरें बोलत होतीस. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हलकेंच म्हणाली, “सर, मला वाटलं, मीच विसरले असेन.” मुलीनें पुस्तक चोरलें असें कोणी म्हणालें नव्हतें, परंतु माझ्या प्रोग्रामनें त्याहूनही वाईट केलें होतें. आपण जें केलें नाहीं तें केलें असावें, अशी शंका त्यानें तिच्याच मनांत उत्पन्न केली होती.

यानंतर मी शहाणा झालों असें म्हणावें, तर दुसरी चूक आड येते. ‘पुट’नें आमची लाज राखली म्हणून आम्ही जेथें तेथें ‘पुट’ वापरूं लागलों. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. विद्यार्थ्यांची संगणकावरील यादी कित्येक ठिकाणीं पालकांच्या जुन्या कागदांवरून उतरविलेली होती, आणि सध्यांच्या पत्त्यांतही ‘जिल्हा ठाणें’ असेंच राहून गेलें होतें. तो एक शब्द बदलावयाचा होता. जन्मस्थळाच्या जुन्या नोंदीस अर्थात् हात लावावयाचा नव्हता. आम्हीं चाळीस-एक नोंदींच्या पत्त्यांवर ‘पुट’ पाठविलें, आणि सोबत मजकूर जोडला एकच: ‘जिल्हा पालघर’. सर्व्हरनें आज्ञा अक्षरशः पाळली. जुनें पान काढलें आणि एका ओळीचें नवें पान त्या जागीं लावलें. जन्मतारीख गेली, आईचें नांव गेलें, जमातीची नोंद गेली, पूर्वींची शाळा गेली. जिल्हा तेवढा बरोबर राहिला.

आमच्याकडील मुलांच्या बाबतींत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पुष्कळांच्या घरीं जन्माचा दुसरा कागद नसतो. जातीच्या दाखल्यासाठीं शाळेच्या रजिस्टरांतील नोंद पुरावा म्हणून दाखवावी लागते, आणि त्या दाखल्यावर पुढचें शिक्षण व नोकरी अवलंबून असते. दैवयोगानें कागदाचें जनरल रजिस्टर कपाटांत कुलुपबंद होतें. त्यावरून दोन रात्रीं बसून सर्व नोंदी पुन्हां भरल्या. ज्या ठिकाणीं एक ओळ दुरुस्त करावयाची तेथें ‘पॅच’ वापरावें, आणि ‘पुट’ वापरावयाचेंच तर सबंध पान आधीं ‘गेट’नें आणून, त्यांत दुरुस्ती करून, मग सबंध पानच परत पाठवावें, हा नियम त्या दोन रात्रींत माझ्या मनावर कोरला गेला. तेव्हांपासून कागदी रजिस्टरास मी पहिल्याहून अधिक मान देतों.

चुकीच्या क्रियापदानें फसणारे आम्हीच अडाणी होतों असेंही नाहीं. २००५ सालच्या मे महिन्यांत गूगल कंपनीनें ‘वेब ॲक्सेलरेटर’ नांवाचें एक साधन लोकांस दिलें. वाचक एक पान वाचीत असतां त्यावरील दुवे आधींच उघडून ठेवावे, म्हणजे पुढचें पान लवकर दिसेल, अशी त्यांतील कल्पना होती. दुवा उघडणें म्हणजे ‘गेट’, आणि ‘गेट’नें कांहीं बदलत नाहीं, हा सर्वमान्य संकेत. पण कांहीं संकेतस्थळांवर ‘पुसून टाका’ हाही एक साधा दुवाच ठेवलेला होता. साधनानें तोही उघडला; आणि कोणीं कांहीं न दाबतांच लोकांचा मजकूर नाहींसा होऊं लागला. जोंपर्यंत दुवे केवळ माणसेंच उघडीत होतीं तोंपर्यंत हा दोष लपून राहिला. शोधयंत्रेंही दुव्यांमागून दुवे उघडीत फिरतात. ‘गेट’ म्हणजे मी फक्त पाहीन, हात लावणार नाहीं, असें दिलेलें वचन आहे; आणि त्या वचनावर विसंबून तिऱ्हाईतही वागतात.

याच्या उलट बाजूसही एक सावधगिरी आहे. ‘गेट’मध्यें विचारावयाचा तपशील बहुधा पत्त्यांतच लिहिला जातो, आणि पत्ता हा लिफाफ्याच्या बाहेरचा मजकूर समजावा. तो यंत्राच्या इतिहासांत राहतो, सर्व्हरच्या रोजनिशींत उतरतो. म्हणून संकेतशब्द, आधार क्रमांक किंवा मुलीच्या आजाराची माहिती पत्त्यांत घालूं नये; केवळ विचारावयाचें असलें तरी अशा वेळीं ‘पोस्ट’ करून मजकूर लिफाफ्याच्या आंत ठेवावा. तसेंच, एखाद्या खिडकीवर एखादें क्रियापद चालत नसेल, तर सर्व्हरनें गप्प न बसतां ४०५ या अंकानें ‘येथें हें चालत नाहीं’ असें सांगावें, आणि कोणतीं चालतात त्यांची यादीही द्यावी, असा नियम आहे. माणसांच्या कचेऱ्यांनीं हा नियम उचलला, तर पाड्यावरून आलेल्या माणसाच्या किती खेपा वांचतील!

गेल्या वर्षीं एके सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं मोशेची गोष्ट वाचावयाची पाळी मजवर आली, आणि वाचतांवाचतां मला आमचा प्रोग्राम आठवला. इस्राएल लोक रानांत तहानेनें व्याकुळ झाले असतां देवानें मोशेला एकदां खडकावर काठी मारावयास सांगितलें, आणि पाणी आलें. तें ‘निर्गम’ या पुस्तकांत आहे. पुढें पुष्कळ वर्षांनीं, कादेश येथें, पुन्हां तोच प्रसंग आला. पण या वेळीं खडकाशीं बोलावयाची आज्ञा होती. मोशेनें पूर्वींच्या संवयीनें आणि रागाच्या भरांत काठी उचलली, आणि एकदां नव्हे, दोनदां मारली. तें ‘गणना’ या पुस्तकांत आहे. पाणी तरीही आलें, आणि लोक व गुरेंढोरें तृप्त झालीं. पाहणारा म्हणाला असता, काम झालें कीं! परंतु त्याच दिवशींच्या त्या कृतीमुळें मोशेस कनान देशांत प्रवेश मिळाला नाहीं.

लहानपणीं ही शिक्षा मला फार कठोर वाटत असे. आज तींतील एक अर्थ मला उमगतो. कर्म तेंच, खडक तोच, पाणीही तेंच. क्रियापद मात्र निराळें होतें, आणि काम झालें म्हणून तें बरोबर ठरलें नाहीं. आमच्या टेबलावरील परीक्षेंत चुकीच्या ‘पोस्ट’नेंही पाणी आलें होतें, आणि टाळ्याही वाजल्या होत्या. जेथें तार शाबूत असते तेथें कोणतेंही क्रियापद चालून जातें. त्याचा दोष प्रकट होतो तो जेथें लहर तुटते तेथें. आणि तो भोगावा लागतो प्रोग्राम लिहिणाऱ्यास नव्हे, तर दूरच्या टोकास असलेल्या माणसास. मीं डहाणूंत पंख्याखालीं बसून चूक केली. तिची किंमत तलासरीकडच्या एका मुलीनें मान खालीं घालून दिली.

तेव्हां आपल्यापैकीं जे विद्यार्थी पुढें हा व्यवसाय पत्करतील, त्यांस माझें एवढेंच सांगणें आहे. क्रियापद लिहिण्यापूर्वीं आपणांस काय करावयाचें आहे हें स्वतःशीं प्रामाणिकपणें म्हणावें. पाहावयाचें आहे, नवें दाखल करावयाचें आहे, सबंध बदलावयाचें आहे, एक ओळ सुधारावयाची आहे, कीं खारीज करावयाचें आहे? आणि मग, उत्तर हरवलें तर काय होईल, हें त्या माणसाच्या जागीं बसून पाहावें, ज्याच्याजवळ आपलें म्हणणें खरें करून दाखविण्यास कागद नाहीं.

ती मुलगी यंदा दहावींत आहे, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांच्या मंडळांत ती आपण होऊन दाखल झाली आहे. अजूनही ती फारसें बोलत नाहीं. पण कोणी नवा प्रोग्राम लिहून आणला कीं सर्वांचें कौतुक करून होईपर्यंत ती थांबते, आणि मग एकच प्रश्न विचारते: “हें दोनदां पोंचलं तर?” उत्तर देतां आलें नाहीं, तर लिहिणारा निमूटपणें आपल्या जागीं परत जातो. मीही अनेकदां गेलों आहें.